रिपोर्ट नॉर्मल, पण छातीत जाळ

गेली सहा वर्षे माझ्या छातीच्या मधोमध जाळ उठतो. जेवणाशी त्याचा संबंध नाही. घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो, तळहात भगभगतात, आणि रात्री दोनला जाग येते ती येतेच. घाटनांदूरहून अंबाजोगाईला किती खेपा झाल्या त्याचा हिशेब, बी.कॉम. असूनही, मी ठेवलेला नाही. ईसीजी झाला, पोटात दुर्बीण घालून झाली, थायरॉईड, साखर, रक्त सगळे झाले. दरवेळी कागद पुढे सरकवून एकच वाक्य ऐकायला मिळाले, "ताई, रिपोर्ट नॉर्मल आहेत." ऐकून आनंद व्हायला हवा. मला मात्र चोरी पकडल्यासारखे वाटायचे, जणू मी खोटे दुखणे घेऊन आले होते.

शेजारच्या मावशींनी "बाहेरचं काही असंल" म्हणून उतारा सुचवला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात उतारा कसला! मी हसून विषय टाळला. पण खरे सांगते, रात्री दोन वाजता जाळ उठला की माणूस कशावरही विश्वास ठेवायला तयार होतो.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी लेक मोबाईलवर कोरियन मालिका पाहत होती. मुलींना सध्या त्याचे वेड आहे. मी भाकरी थापत होते. ती एकदम म्हणाली, "मम्मी, ही बघ, तुझ्यासारखंच करते." पडद्यावर साठीतली एक बाई मूठ वळून स्वतःच्या छातीवर ठोके देत होती. मीही तसे करते हे मला तोवर ठाऊक नव्हते. माझी आई मात्र करायची. उसाच्या फडातून आली की कोपीच्या दारात बसून छातीवर मूठ मारायची. आम्हा पोरांना वाटे, खोकला अडकला असेल.

लेकीने शोधून सांगितले की कोरियात या दुखण्याला नाव आहे, 'ह्वाब्योंग'. ह्वा म्हणजे आग आणि ब्योंग म्हणजे आजार. अन्याय सोसत, राग गिळत वर्षे काढली की छातीत उष्णता चढते, दडपण येते, घशात गोळा येतो, झोप उडते. बहुतेक मध्यम वयाच्या बायकांना. १९९४ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथात या आजाराची नोंद घेतली. तिथले पारंपरिक वैद्य छातीच्या मधल्या हाडावर बोट दाबून पाहतात, अशा बाईला तिथे कळ येते. मी दाबून पाहिले, आणि पिठाच्या हातांनी परातीपुढे बसूनच रडले.

थोडे विषयांतर करते. या वैद्यकाचा मोठा ग्रंथ 'दोंगुई बोगाम', कर्ता हो जुन नावाचा राजवैद्य. तो उपपत्नीचा मुलगा होता, आणि त्या काळच्या कोरियात अशा मुलांना वरच्या अधिकाराच्या परीक्षांची दारे बंद असत. १५९६ मध्ये राजाने त्याच्यावर हे काम सोपवले. १६०८ मध्ये राजा वारला, वैद्याला हद्दपार केले, तरी १६१० मध्ये त्याने ग्रंथ पुरा केला, आणि १६१३ मध्ये तो छापला गेला. विद्वानांची लिपी चिनी, पण झाडपाल्याची नावे त्याने लोकांच्या हंगुल लिपीतही दिली, खेड्यातल्या माणसाला बांधावरचे औषध ओळखता यावे म्हणून. २००९ मध्ये युनेस्कोने या ग्रंथाला जागतिक वारशाच्या दप्तरात स्थान दिले. हा माणूस मला का आवडला ते या साप्ताहिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

म्हणून त्यातले सगळेच खरे मानायचे काय? तसे असेल तर आपल्याकडच्या पोथ्यांनी काय घोडे मारले! सुया टोचून गुण किती येतो यावर डॉक्टरांत आजही वाद आहे. मी सुया टोचून घेतल्याही नाहीत, इकडे कोरियन वैद्य कुठला मिळणार? मला नाव मिळाले होते. ते घेऊन मी डॉक्टरांकडे गेले आणि विचारले, "आग दिसत नाही, मग जळतं काय?"

हे डॉक्टर तरुण होते, त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, आपल्या इच्छेवाचून चालणारी एक मज्जासंस्था आहे, तिचे दोन भाग. एक बैलाला पराणी टोचणारा, दुसरा कासरा ओढणारा. साप दिसला की पहिला जागा होतो, रक्तात ॲड्रेनालिन उतरते, छाती धडधडते, स्नायू ताठतात, पचन मंदावते. साप गेला की दुसरा कासरा ओढून शांत करतो. पण साप गेलाच नाही तर पराणी टोचतच राहते. मग मज्जातंतू इतके सावध होतात की साध्या गोष्टीचीही आग होते. घसा, हृदय आणि जठर या तिघांकडे मेंदूतून एकच लांब मज्जातंतूची जोडी जाते, बारा जोड्यांपैकी दहावी. तपासण्यांत अवयवाचा बिघाड दिसतो, ही धावपळ दिसत नाही. "दुखणं खरंच आहे, ताई," ते म्हणाले. सहा वर्षांत हे वाक्य प्रथमच ऐकले.

दुखते तिथला अवयवच नासला, या समजुतीने आपल्या जिल्ह्यात काय केले ते आठवा. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडे आले: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. त्यांच्या दुखण्याची कारणे निराळी होती, पण "पिशवी काढून टाका" हे उत्तर किती जणींना बारकाईने न तपासताच मिळाले असेल!

तरी भगिनींनो, तपासण्या आधी कराव्यातच. छातीतली जळजळ कधी खरोखर हृदयाची असते. साखर वाढली तरी हातपाय भगभगतात. मधुमेह आणि मज्जातंतूंच्या वेदना यांनी बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत फार छळले.

"तुमचा साप कोणता?" डॉक्टरांनी विचारले होते. मी "कोणी नाही" म्हटले आणि उठले. खोटे बोलले. रोज साडेदहाला तो शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतो. मला नावाने न बोलावता 'कोट्यातल्या बाई' म्हणतो, बाकीचे हसतात. माझा पाण्याचा ग्लास निराळा ठेवला जातो, त्यावर खूण आहे. दुसऱ्यांच्या अत्याचाराच्या तक्रारी घेऊन मी रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात बसले आहे, मोर्च्यात घसा फोडला आहे. स्वतःच्या कचेरीत मात्र पगाराकडे पाहून गप्प. विहारात आनापानाला बसते, श्वास सोडताना लांबवते, त्याने कासरा खरोखर ओढला जातो. पण डोळे उघडून जायचे त्याच खुर्चीशेजारी.

गेल्या महिन्यात अर्ज लिहिला. तारखा, शब्द, कोण हजर होते ते सगळे. लोकांच्या अर्जांवर आवक क्रमांक टाकण्यात माझी वीस वर्षे गेली, स्वतःच्या अर्जावर शिक्का मारताना हात थरथरला. पोच जपून ठेवली आहे. चौकशी अजून लागलेली नाही. जाळ अधूनमधून उठतोच, झोप आठवड्यातून तीन-चार रात्री लागते. परवा मूठ छातीकडे गेली तेव्हा लेकीने ती वरच्यावर धरली.

"मम्मी, अर्जाचं काय झालं ते आधी विचार."