मनाचा आजार असलेल्या घराला वकील कशासाठी?

कुटुंबवैद्याकडे लोक केवळ दुखणी घेऊन येत नाहीत. कागदही घेऊन येतात. खडकी बाजारातील माझ्या दवाखान्यात गेली पंचवीस-तीस वर्षे रक्तदाबाच्या फायलींबरोबर पेन्शनचे कागद, बँकेची पत्रे आणि न्यायालयाच्या नोटिसा टेबलावर येऊन पडतात. ज्या घरात मनाचा आजार आहे, तिथले हे कागदांचे पुडके अधिक जाड असते आणि त्यातील बराचसा भाग औषधाने सुटणारा नसतो. मी साधा एमबीबीएस डॉक्टर. कायद्याचे शिक्षण मला नाही. तरीही या वेळी गोळ्यांविषयी न लिहिता मोफत वकिलाविषयी लिहावे असे वाटले. या सोयीची माहिती ज्यांना सर्वांत आधी हवी, त्यांनाच ती सर्वांत शेवटी कळते, असा माझा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या धाकट्या भावाविषयी दाखला मागायला आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) भाऊ पंचेचाळिशीचा, स्किझोफ्रेनिया असलेला, पण औषधे नियमित घेणारा, सकाळी दूध आणणारा, वडिलांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवणारा. वडील गेले आणि घराच्या वाटणीचा विषय निघाला. प्रथम हवा होता तो दाखला असा, की हा पूर्ण बरा आहे, हक्कसोडपत्रावर सही करण्यास समर्थ आहे. भाऊ सही करीत नाही असे दिसल्यावर तीन आठवड्यांनी दुसरा दाखला हवा झाला: याला व्यवहार कळत नाही, याच्या वतीने आम्हीच सही करू. सही करायची तेव्हा शहाणा आणि वाटा मागायचा तेव्हा वेडा!

मी दोन्ही दाखले दिले नाहीत. तसे दाखले देण्याचा अधिकारही मला नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकल मनाचा ठरत नाही. तसे केवळ सक्षम न्यायालयच ठरवू शकते. १८७२ चा करार कायदाही आजाराचे नाव विचारत नाही. त्या वेळी, त्या व्यवहाराचा अर्थ आणि आपल्या हितावर होणारा त्याचा परिणाम माणसाला कळत होता का, एवढेच तो विचारतो. दाखल्याऐवजी मी एका चिठ्ठीवर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता लिहिला आणि तो थोरल्या भावाच्या नव्हे, धाकट्याच्या हातात दिला.

तिथे नेमून मिळालेल्या वकीलबाईंनी पहिली गोष्ट केली ती ही, की नातेवाइकांना बाहेर बसवले आणि रुग्णाला विचारले, ‘तुम्हाला काय हवे आहे?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही. त्याला पैसे नको होते. त्याला खालची खोली हवी होती आणि देवघर आहे तिथेच राहायला हवे होते. प्रकरण दावा दाखल होण्यापूर्वीच तडजोडीने मिटले. त्याचा हिस्सा त्याच्या नावावर राहिला. इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. लोकअदालतीतील तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील करता येत नाही. म्हणून रुग्णाला मसुदा दोनदा वाचून दाखवल्याशिवाय, आणि त्याची प्रकृती ठीक असल्याखेरीज, सही करू देऊ नये.

आता ही सोय नेमकी कोणासाठी आहे ते पाहू. राज्यघटनेत १९७६ साली ३९अ हा अनुच्छेद आला आणि गरिबीमुळे कोणी न्यायाला मुकू नये, हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो १९९५ पासून अमलात आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पण कायद्याच्या बाराव्या कलमात असेही गट आहेत, ज्यांना उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया आणि मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंगत्व असलेल्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती हे त्यांतील आपल्या विषयापुरते महत्त्वाचे. म्हणजे आजारी मुलासाठी धडपडणारी सत्तरीची आई स्वतःच्या कामासाठी निव्वळ स्त्री म्हणून पात्र आहे. दीर्घ मानसिक आजार असलेल्याला अपंगत्व प्रमाणपत्र मिळू शकते. ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञ त्याचे मोजमाप करतात. आणि २०१७ च्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने तर मानसिक आजार असलेल्या प्रत्येकाला, त्या कायद्यातील हक्क बजावण्यासाठी मोफत विधी सेवा देऊ केली आहे. या कायद्यातील व्याख्येत विचार, भावना आणि संवेदना यांच्याबरोबर स्मृतीचेही गंभीर विकार येतात, दारूच्या व्यसनातून उद्भवणारे मानसिक विकारही येतात. तेव्हा ‘आमची आजी काही मनोरुग्ण नाही, तिला फक्त विस्मरण होते’ असे म्हणून हा लेख बाजूला ठेवू नका.

कोठडी हा शब्द वाचून आपण दचकला असाल. बाराव्या कलमात कारागृहातील बंद्यांच्या पंगतीला मनोरुग्णालयातील रुग्णही बसवले आहेत. पुणेकरांना याचे नवल वाटू नये. मुळा-मुठेच्या पलीकडचे येरवडा हे एकच नाव आपण कारागृहासाठी आणि मनोरुग्णालयासाठी वापरत आलो आणि वर त्यावर विनोदही करीत आलो. ही सांगड मला मुळीच आवडत नाही. पण तिच्यामुळे भिंतीआडच्या रुग्णाला वकील मिळतो, हेही खरे. सत्ताविसावे कलम याहून पुढे जाते: दंडाधिकारी, पोलीस अधिकारी किंवा मानसिक आरोग्य संस्थेचे प्रमुख डॉक्टर यांनी रुग्णाला ‘तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो’ हे स्वतःहून सांगावे आणि कुठे मिळेल तेही सांगावे, असे कर्तव्य त्यांच्यावर घातले आहे. आपल्या माणसाला दाखल केल्यावर हे कोणी सांगितले नाही, तर आपणच विचारावे. भटकताना सापडलेल्या रुग्णाला कोणत्याही परिस्थितीत पोलिसांच्या कोठडीत ठेवता येत नाही, हेही याच कायद्यात आहे.

हा हक्क कागदावर आहे म्हणून आपोआप मिळतो असे मात्र नाही. मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तिच्यामागे ठाण्याच्या मनोरुग्णालयात पतीने दाखल केलेल्या आणि बरी होऊनही दीर्घकाळ तिथेच राहिलेल्या एका स्त्रीची कहाणी होती. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार सरकारी मनोरुग्णालयांत दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांची पुन्हा तपासणी व्हावी, हा विषय त्या याचिकेमुळे न्यायालयापुढे आला. ज्या मंडळांकडे रुग्णाने दाद मागायची, ती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळे कायदा लागू झाल्यावरही बरीच वर्षे नीट उभी राहिली नव्हती. या मंडळाकडे अर्ज करायला शुल्क लागत नाही.

खडकीत मला सर्वांत जास्त भेडसावणारा प्रश्न मात्र वेगळा आहे. दारूगोळा कारखाना, हाय एक्सप्लोझिव्हज फॅक्टरी आणि लष्करी डेपो यांतून निवृत्त झालेल्यांची ही वस्ती. यजमान गेलेले, त्यांचे कुटुंबनिवृत्तिवेतन पत्नीला मिळते आहे, त्यावर ती आणि चाळिशी उलटलेला आजारी मुलगा जगतात. ‘डॉक्टर, माझ्यामागे याचे कसे?’ हा प्रश्न मी किती आयांच्या तोंडून ऐकला, मोजलेले नाही. त्यांना मी सांगतो: केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन नियमांनुसार, मानसिक विकारामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आईवडिलांनंतर हे वेतन आजन्म मिळू शकते. त्यासाठी आजाराचे रीतसर वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि मुलाच्या वतीने पैसे कोणी स्वीकारावेत याचे नामनिर्देशन आईने किंवा वडिलांनी हयातीत करून ठेवता येते. असे नामनिर्देशन असेल तर बँकेने न्यायालयाच्या पालकत्व प्रमाणपत्रासाठी अडून बसू नये, असे केंद्राच्या निवृत्तिवेतन विभागाने बजावलेले आहे. तरीही काउंटरवर अडवणूक होते. एका घरी आईच्या निधनानंतर पैसे महिनोन्‌महिने अडकले. बहीण सुट्टी काढून हेलपाटे घालत होती आणि दरम्यान भावाची औषधे उधारीवर चालली होती. अखेर विधी सेवेच्या वकिलांनी नियम क्रमांक घालून एक पत्र लिहिले. न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही. वकील म्हणजे खटलाच, हा आपला समज इथे नडतो. पुष्कळदा एक नीट लिहिलेले पत्र पुरते.

आईची प्रकृती बरी असताना हे सारे व्हावे, असा माझा आग्रह असतो. गुडघेदुखीसाठी आलेल्या आजींना मी पेन्शनचे पुस्तक आणायला सांगतो तेव्हा त्या चमकतात. चमकू द्यात.

आता एक गोष्ट, जी ऐकून काही नातेवाईक माझ्यावर रागावतात. रुग्णासाठी नेमलेला वकील रुग्णाचा असतो, कुटुंबाचा नव्हे. आपण काळजीपोटी म्हणतो, त्याला काय कळते, आम्हीच ठरवतो. पण २०१७ च्या कायद्याने रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडू दिला आहे. साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा देऊन. एका रुग्णाने सख्ख्या भावाऐवजी शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंचे नाव लिहिले. भावाला फार लागले. मला मात्र त्या निवडीत आजार दिसला नाही. त्याच्या वाईट दिवसांत बाईच जेवणाचा डबा घेऊन जात असत. उपचारांविषयीची आपली इच्छा रुग्ण बरा असताना आधी लिहूनही ठेवू शकतो. या कायद्याच्या घडणीत आपल्या पुण्यातील आयएलएस विधी महाविद्यालयातील अभ्यासकेंद्राचा आणि डॉ. सौमित्र पाठारे यांचा वाटा आहे, हे पुणेकर वाचकांना सांगताना मला थोडा अभिमान वाटतो.

हा प्रतिनिधी उपचारांपुरता असतो. घर, शेत, बँकखाते त्याच्या हाती येत नाही. इथे खरोखरच पोकळी आहे. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी पालक वा व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती; नव्या कायद्यात ती उरली नाही. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. स्किझोफ्रेनिया किंवा स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्व हा एक मार्ग, उच्च न्यायालयात अर्ज हा दुसरा. कोणता धरावा हे प्रत्येक घराच्या कागदांवर अवलंबून आहे. म्हणून मृत्युपत्र करताना आजारी मुलाच्या नावे सरळ घर लिहून मोकळे होऊ नका. त्याचा सांभाळ कोण करील, तो विकायला कोणी भाग पाडले तर काय, हे वकिलाशी बोलून ठरवा.

प्राधिकरणाकडे जाताना ओळखपत्र, असल्यास अपंगत्व प्रमाणपत्र, औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि ज्यावरून तंटा आहे तो कागद, एवढे बरोबर न्यावे. उत्पन्नासाठी साधारणपणे प्रतिज्ञापत्र पुरते. अर्ज लिहिता येत नसेल तर तिथले विधी स्वयंसेवक लिहून देतात. वकिलाचे शुल्क प्राधिकरण देते. आपण एक रुपयाही द्यायचा नाही, आणि कोणी मागितलाच तर तिथेच लेखी तक्रार करावी. नेमलेल्या प्रत्येक वकिलाला मानसिक आरोग्याचा कायदा सारखाच परिचित असतो असे नाही. जमत नसेल तर कारण सांगून दुसरा मागता येतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२४ साली मानसिक आजार असलेल्यांसाठी स्वतंत्र योजना आखून ‘मनोन्याय’ नावाच्या पथकांची कल्पना मांडली आहे, तिचेही नाव घेऊन विचारावे. घराबाहेर पडणे कठीण असेल तर १५१०० या क्रमांकावर विधी साहाय्य, १४४१६ वर मानसिक आरोग्याचा सल्ला आणि १४५६७ वर ज्येष्ठांसाठी मदत मिळते. बोलताना कागद आणि पेन जवळ ठेवा, आणि पलीकडून बोलणाऱ्याचे नाव व दिनांक टिपून ठेवायला विसरू नका.