एका चिन्हाचा घोटाळा

आम्ही शहाद्याला राहतो. सकाळचं सगळं आवरून दुपारी मी शाळेत अर्धवेळ शिकवते. गेल्या डिसेंबरात आठवीच्या मुलींची सहल तोरणमाळला न्यायची ठरली आणि मुलींबरोबर बाई हव्यात म्हणून माझीही वर्णी लागली.

निघायच्या आदल्या रात्री आईचा फोन आला. बाबा गेल्यापासून ती नाशिकला एकटीच असते. तिनं आमच्याकडे यावं हा माझा हट्ट, आणि "लेकीच्या घरी कायमची कशी राहू गं?" हा तिचा. त्या रात्री शब्दाला शब्द वाढला. "मग राहा तिथेच!" असं म्हणून मी फोन ठेवून दिला.

सकाळी सगळी घाईच. डबे, पाण्याच्या बाटल्या, मुलींची हजेरी. राणीपूर मागे पडलं, सात पायऱ्यांचा घाट लागला आणि फोनवरच्या रेघा एकेक करून गळू लागल्या. आता दोन दिवस फोन लागणार नाही, एवढं कळवावं म्हणून माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चिन्ह धाडलं. नारिंगी चौकोन, त्यात मोबाइल आणि तो बंद असल्याची खूण. एका बोटात काम झालं म्हणून मी आपली खूश!

वर दोन दिवस कसे गेले कळलंच नाही. यशवंत तलावाकाठची थंडी, सीताखाईची ती खोल दरी, गोरखनाथाचं देऊळ आणि रात्री मुलींच्या भेंड्या.

तिसऱ्या दिवशी घाट उतरलो आणि फोन एकदम जागा झाला. दादाचे अकरा फोन येऊन गेलेले! छातीत धस्सच झालं. लगेच लावला, तर म्हणाला, "अगं, काय पाठवलंस ते? आई दोन दिवस धड जेवलेली नाही. लेकीनं माझ्याशी बोलणं बंद केलं, एवढंच म्हणते. तू सहलीला गेलीस असं दाजींनी सांगितलं, तरी तिला पटेना."

आईला फोन लावला. तिचा "हॅलो" ऐकला आणि मला पुढे बोलताच येईना. दोघीही रडलो. मग तीच म्हणाली, "पोहोचलीस ना नीट? थंडी फार होती का गं?"

घरी आल्यावर मी त्या चिन्हाची चौकशी केली. ही चित्रं मूळची जपानमधल्या मोबाइल कंपन्यांची. तिथल्या एका कंपनीनं १९९९ साली अशी १७६ चित्रं काढली होती, इतरांचीही होती. २०१० मध्ये त्यांतली पुष्कळ चित्रं युनिकोड या जागतिक लिपी-संकेतात आली, म्हणून ती आज सगळ्यांच्या फोनवर दिसतात. त्यात हा नारिंगी चौकोनही आला. त्याचा सरळ अर्थ एवढाच, की फोन बंद आहे किंवा इथे तो बंद ठेवा. जपानात आगगाडीत फोन गप्प ठेवायची रीत आहे, तिथे अशी खूण शोभते.

पण मैत्रिणींनो, यंत्राची खूण यंत्रापुरतीच बोलते. कोण, का, किती दिवस, हे तिला सांगता येत नाही. ती रिकामी जागा समोरचं माणूस आपल्या मनानं भरून काढतं. आईच्या मनात आदल्या रात्रीचं माझं वाक्य होतं. तिनं तेच तिथे वाचलं. म्हणून आता मी चिन्हाबरोबर एक ओळ लिहितेच: "डोंगरावर जातेय, परवा संध्याकाळी फोन करते." तेवढ्याला अर्धं मिनिटही लागत नाही.

त्याच चिन्हाशेजारी आणखी एक आहे. फोन आणि त्याच्याजवळ बदाम. खरं तर फोन न वाजता नुसता थरथरेल, अशी ती खूण. आईनं मात्र बदाम पाहून आपला अर्थ लावलाय: "सवड झाली की फोन कर." रोज दुपारी ते चित्र येतं. तिची चूक मी अजून सांगितलेली नाही, सांगणारही नाही. चित्र आलं की हातातलं काम ठेवून फोन तेवढा करते.