गुडघा आणि सायकलची सीट

आमच्या घरात दुखणे सांगायची पद्धत नव्हती. वडील सातपूरच्या एका कारखान्यात हेल्पर होते. पाय सुजला तर रात्री मिठाच्या गरम पाण्यात बुडवून बसायचे आणि सकाळी पुन्हा पहिल्या पाळीला हजर. आई बांधकामावर बिगारी काम करायची. तिचे कधी काही दुखतच नाही, अशी आम्हा भावंडांची लहानपणी प्रामाणिक समजूत होती. या आईबापाचा मुलगा बी.कॉम. होऊन लिपिक झाला, खुर्चीत बसला, पण दुखणे लपवायची सवय काही सुटली नाही. त्या सवयीपायी माझे जवळजवळ एक वर्ष वाया गेले. ही हकीकत त्या वर्षाची आहे.

सायकल आमच्या घरी हौस म्हणून आली नाही. वडिलांची काळी सायकल मी बारावीपर्यंत वापरली. पुढे नोकरी लागली तरी घर ते कार्यालय हे अकरा किलोमीटरचे अंतर मी सायकलनेच जात-येत राहिलो. रविवारी निफाड, दिंडोरी तालुक्यातील वस्त्यांवर जायचे, कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचा जातीचा दाखला, कुणा म्हातारीचे संजय गांधी निराधार योजनेचे कागद, असे काम असते. गावात एस.टी. येते तेव्हा आपले काम झालेले नसते आणि काम होते तेव्हा एस.टी. गेलेली असते. त्यामुळे सायकल बरी. २०१७ साली एका ओळखीच्या मुलाकडून जुनी गिअरची सायकल साडेसहा हजारांत घेतली आणि लांबच्या प्रवासाची गोडी लागली. त्र्यंबक, सिन्नर, इगतपुरी असे करता करता दरवर्षी १३ ऑक्टोबरला नाशिकहून येवल्याला मुक्तिभूमीवर सायकलने जायचे, हा नेम झाला. १९३५ साली याच दिवशी बाबासाहेबांनी तेथे धर्मांतराची घोषणा केली, हे वाचकांना सांगायला नको. एका बाजूचे अंतर सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. वस्तीतली पाच-सहा तरुण पोरे बरोबर असत आणि त्यांच्यात सर्वांत वयाने मोठा मी.

२०२२ च्या पावसाळ्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले. आधी चढावर, मग जिना उतरताना. कार्यालयात तासभर खुर्चीत बसून उठलो की पहिली चार पावले लंगडत पडायची. सहकारी विचारत, "काय साहेब, पाय मुरगळला का?" मी हो म्हणायचो. विहारात वंदनेला मांडी घालून बसणे जमेना, तेव्हा मी मागे भिंतीला टेकून पाय लांब करून बसू लागलो. तेही कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून सगळ्यांत शेवटी जायचो. पत्नीने एकदा स्पष्टच विचारले, "अहो, तुम्ही जिना आडवे-तिडवे का उतरता?" तिलाही मी काहीतरी उत्तर दिले.

मग औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, मी दाखवली नाही. लांब जायचे असेल त्या दिवशी सकाळी एक गोळी घ्यायची, गुडघा गप्प बसायचा. दोन महिने असे चालले. पोटात जळजळ व्हायची ती चहामुळे होते असे मी ठरवून टाकले. या गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास देतात आणि घाम जाऊन शरीरातले पाणी कमी झाले असताना घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण आणतात, हे मला फार नंतर कळले. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर सायकल चालवायची आणि वर ही गोळी घ्यायची, म्हणजे काय करत होतो पाहा. शिवाय गोळीने दुखणे कळायचे थांबते, गुडघ्याची झीज थांबत नाही. दुखते म्हणून माणूस थांबतो, मी ते थांबणेच बंद करून टाकले होते.

त्या वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला पोहोचलो. परत येताना निफाड ओलांडले आणि गुडघा वाकेना. खाली पाहिले तर सुजून वाटी दिसेनाशी झालेली. पोरे पुढे गेली होती. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसलो. पोरे परत फिरून आली, तेव्हा त्यांच्यापैकी एक म्हणाला, "काका, कधीपासून दुखतंय?" मी म्हणालो, आत्ताच. एवढे होऊनही खोटे बोललो, याची आजही लाज वाटते. एका टेम्पोवाल्याने नाशिकला आणून सोडले.

एका डॉक्टरांनी क्ष-किरण तपासणी केली. हाडात फारसे काही नाही म्हणाले. चाळिशी उलटली, आता सायकल बंद करा, असा सल्ला दिला. मी बंद केली. तीन महिने सायकल गॅलरीत उभी होती. रविवारची गावे सुटली. निराधार योजनेच्या कागदांसाठी एका आजीने तीन वेळा निरोप पाठवला, शेवटी तिच्या नातवालाच माझ्याकडे यावे लागले. रिक्षा आणि बसला महिन्याला किती गेले त्याचा आकडा वहीत लिहिला आहे, येथे देत नाही. आणि एवढे करून गुडघा? सूज उतरली होती, पण जिना उतरताना कळ तशीच. तीन महिन्यांत मांडी मात्र बारीक झाली होती. शिंप्याच्या टेपने मोजली, उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटिमीटर कमी भरली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्नीने रजेचा अर्ज लिहायला लावला आणि सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात नेले. तिथल्या ताई वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, एका पायावर उभे केले, अर्धवट बसायला लावले आणि विचारले, "कशाने आलात?" मी म्हणालो, बसने. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी सायकल घेऊन या." मला वाटले, चेष्टा करतात.

पुढच्या आठवड्यात सायकल हळूहळू चालवत नेली. ताई आवारात आल्या, मला भिंतीला धरून सीटवर बसवले आणि पायडल अगदी खाली आणायला सांगितले. माझा गुडघा चांगलाच वाकलेला होता. "सीट एवढी खाली का?" मी म्हणालो, सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. त्या हसल्या. म्हणाल्या, "दादा, तुम्ही येवल्यापर्यंत अर्ध्या बैठका काढत जाता. गुडघा दुखेल नाही तर काय होईल?"

त्यांनी समजावले ते असे. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत वर-खाली सरकते. गुडघा जितका जास्त वाकलेला असताना आपण जोर लावू, तितकी ती वाटी खोबणीवर जास्त दाबली जाते. सीट खाली असली की प्रत्येक फेरीत हा दाब वाढतो. म्हणून पुढून, वाटीपाशी दुखत असेल तर आधी सीट खाली आहे का ते पाहावे. उलट गुडघ्याच्या मागे ओढ बसत असेल तर सीट फार उंच असण्याचा संभव असतो.

मापायची रीत सोपी आहे, पैसे लागत नाहीत. नेहमीचे बूट घालून भिंतीला धरून सीटवर बसायचे. टाच पायडलवर ठेवून ते तळाला न्यायचे. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच पाहिजे. चालवताना मागून दुसऱ्याला बघायला सांगावे. कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल तर सीट जास्त वर गेली. माझी सीट तीन सेंटिमीटर खाली निघाली. पण तीन सेंटिमीटर एकदम चढवायची नाही. एका वेळी पाच मिलिमीटर, आठवडाभर चालवायची, मग पुन्हा पाच. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, ती नळीच्या बाहेर दिसेल इतका दांडा वर ओढू नये, मोडून अपघात होतो. मी पायडलवर तळव्याचा मधला भाग ठेवत होतो, तेही बदलले. सिग्नलला आता सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकतो. दोन दिवसांत सवय झाली. या एवढ्या सोयीसाठी मी गुडघा पणाला लावला होता!

दुसरी चूक गिअरची. ही मात्र अहंकाराची चूक होती. पोरांच्या बरोबरीने राहायचे म्हणून मी सतत जड गिअरवर, पाय सावकाश आणि जोरात दाबत चालवायचो. हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवणे मला पोरकट वाटे. ताईंनी घड्याळ लावून मोजले, माझ्या मिनिटाला पंचावन्न फेऱ्या होत होत्या. ऐंशीच्या आसपास ठेवा म्हणाल्या. मी हिशेबनीस माणूस, घरी येऊन वही काढली. मिनिटाला ५५ म्हणजे तासाला ३,३००. ऐंशी म्हणजे ४,८००. आठ तासांत ३८,४००. जास्त फेऱ्या म्हणजे जास्त झीज, असा माझा साधा हिशेब. पण वेग तोच ठेवायचा तर कमी फेऱ्यांत प्रत्येक फेरीला जोर जास्त लागणार. ऐंशीला पंचावन्नने भागले तर जवळजवळ दीडपट. म्हणजे गुडघा वाचवतो म्हणून मी प्रत्येक दाबाला दीडपट भार त्याच्यावरच टाकत होतो. इतकी वर्षे जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाने ही नोंद उलट्या बाजूला केली होती.

बाकी इलाज व्यायामाचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय ताठ करायचा, गुंडाळी खाली दाबायची, दहा मोजायचे. मग उताणे झोपून सरळ पाय फूटभर वर. मग कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलायचा, कारण कमरेचे स्नायू कमजोर असले की गुडघा आत झुकतो. शेवटी खुर्चीवर अगदी सावकाश बसायचे आणि उठायचे. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही. मला वाटले, सरकारी दवाखान्यातली बोळवण दिसते. सहाव्या आठवड्यात एक दिवस कार्यालयाचा जिना सरळ उतरलो आणि खाली आल्यावर ते ध्यानात आले.

सायकल पुन्हा सुरू केली ती आठवड्याला चाळीस किलोमीटरने. दर आठवड्याला एक दशांशाहून जास्त वाढवायचे नाही, हा ठोकताळा. चाळीसाचे एकशे साठ व्हायला या हिशेबाने पंधरा आठवडे लागतात. पोरे त्र्यंबकला जात तेव्हा मी गंगापूर रोडवर दहा किलोमीटर करून घरी. ते पंधरा आठवडे व्यायामापेक्षा जड गेले. पोरांना मात्र पहिल्याच रविवारी सगळे खरे सांगून टाकले. त्यातल्या दोघांचे गुडघे दुखत होतेच. त्यांच्याही सिटा खाली.

येथे एक सांगणे जरूर आहे. माझे दुखणे या जातीचे होते, म्हणून ते असे बरे झाले. गुडघा लाल व गरम होऊन ताप येत असेल, मध्येच अडकत असेल, चालताना दगा देत असेल, किंवा पोटरी सुजून दुखत असेल तर सीट वर-खाली करत बसू नये, ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

१३ ऑक्टोबर २०२३ ला पुन्हा येवल्याला गेलो. गोळी नाही, हलका गिअर, दर तासाला उतरून पाय मोकळे करणे. जाताना काही त्रास झाला नाही. परतीला विंचूरपाशी वाटीखाली ओळखीची कळ आली, अगदी बारीक. वर्षापूर्वी मी दात दाबून रेटले असते. पोरांना हाक मारली आणि सांगितले, "माझं दुखतंय, मी इथं थांबतो." लासलगावला कांदा उतरवून नाशिककडे परतणारी एक रिकामी पिकअप मिळाली. सायकल कांद्याच्या पातीत आडवी टाकली आणि ड्रायव्हरशेजारी बसून घरी आलो. पुढच्या वर्षी दोन्ही बाजू सायकलने झाल्या.

गुडघ्याखाली टॉवेल ठेवून दहा मोजत पडलेला मुलगा आई रोज बघत असे. एका संध्याकाळी म्हणाली, "माझे बी दोन्ही दुखत्यात रे." मी विचारले, कधीपासून? म्हणाली, "तू कॉलेजात होतास तवापासून." पंचवीस वर्षे झाली असतील! विटांची घमेली घेऊन तीन-तीन मजले चढलेले गुडघे ते. मी दुसऱ्यांच्या आजींचे कागद घेऊन तालुकाभर फिरलो, पण आईला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ती जिना पाठमोरी, कठड्याला धरून उतरते, हे रोज पाहत होतो. तिची ती पद्धतच आहे असे वाटे.

तिला त्याच ताईंकडे नेले. तिचे दुखणे वेगळे, झिजेचे, म्हणून व्यायामही थोडे वेगळे दिले. बसण्यासाठी पाटाऐवजी उंच स्टूल, शौचालयात धरायला लोखंडी दांडी, आणि जुन्या लुगड्याची गुंडाळी गुडघ्याखाली. पूर्ण बरे होणार नाही, हे ताईंनी तिला समोर बसवून सांगितले. दुखणे कमी आहे, एवढे ती आता स्वतःहून सांगते. जास्त असले तर तेही सांगते. संध्याकाळी नात शेजारी बसून आकडे मोजते. आई सातनंतर एकदम दहा म्हणते, आणि नात तिला पुन्हा सातपासून मोजायला लावते.