पानात टाकलेलं

कारंज्यातल्या काही जैन घरांत जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटांनी धुऊन ते पिऊन टाकतात. वरणाचा ओशट थर, भाताचं शेवटचं शीत त्या घोटाबरोबर पोटात जातं. १९१८ सालापासून इथे महावीर ब्रह्मचर्याश्रम हे जैन गुरुकुल आहे, अन्नाचा संयम गावाच्या अंगवळणी आहे. नृसिंह सरस्वतींच्या या जन्मगावी प्रसादाला बसलेला माणूसही पानात काही टाकत नाही. आणि मंगल कार्यालयात आम्हीच गुलाबजाम, अर्धी पोळी, पनीरची भाजी तशीच ठेवून ताट टबात सोडून देतो. तूर पिकवणाऱ्या तालुक्यात तुरीचं वरण असं वाहून जाताना मला बघवत नाही.

हल्ली दुकानाच्या फ्रीजरमध्ये गोठवलेले पराठे, तयार भाज्या दिसतात. ‘शिळं कोन खाते?’ म्हणत बायामाणसं पुढे जातात. रात्र उलटलेलं शिजवलेलं अन्न जैन आचारात वर्ज्य, त्यांचा नकार मला कळतो. विजेचा भरवसा नसताना शंका घेणंही रास्तच. उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ थांबते, पण सगळे जंतू मरत नाहीत. पाकिटातले मटार सुटे न लागता ढेकूळ झालेले असतील, तर ते बहुधा मधे वितळून पुन्हा गोठलेले असतात. ते घेऊ नये.

पण आपल्या फ्रीजचं काय? वाटीभर भाजी टाकायला मन धजत नाही, म्हणून झाकून आत ठेवतो. चौथ्या दिवशी तिला बुरशी येते, मग ती विनासंकोच घंटागाडीत जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून. एकट्यापुरतं मोजून भरलेलं पाकीट निदान उरत तरी नाही. मुलं पुण्याला गेलेल्या, दोघंच उरलेल्या घरांत स्वयंपाक मात्र अजून सहा जणांचा होतो. टिकवणं आपल्याला नवं नाही. मुंगवड्या, वाळवलेल्या वांग्याच्या फोडी, फोडणीची पोळी याच घरांतल्या. सुटला आहे तो अंदाज.

येत्या लग्नसराईत केटररला ताटांचा आकडा सांगताना ‘असू द्या’ म्हणून पन्नास वाढवू नका. घरीही कणीक थोडी कमीच मळा. कमी पडलीच, तर चार पोळ्या लाटायला दहा मिनिटं पुरतात.