चेंडूविना

फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा, खेळाडू २२ आणि चेंडू एकच. हा चेंडू क्षणभरही थांबला नाही असे मानले, तरी सरासरीने एकेकाच्या वाट्याला तो चार मिनिटांहून किंचित अधिक काळ येतो. उरलेल्या सुमारे ८५ मिनिटांत खेळाडूने काय करावयाचे, हा या खेळाच्या शिक्षणातील खरा प्रश्न होय.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून चंडीगढला आल्यापासून मी अनेकदा संध्याकाळी मुलांचा सराव पाहावयास जातो. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी दहा-अकरा वर्षांची मुले चेंडूभोवती जमतात. त्यांना पांगविण्यासाठी प्रशिक्षक काही वेळ चेंडू हातांनी खेळावयास सांगतात. ज्याच्या हाती चेंडू असेल त्याने पाऊल हलवावयाचे नाही. मग इतरांना धावणे भागच पडते. पुढे तोच धडा पायांनी. पास दिला की थांबावयाचे नाही. बचावपटूला चेंडू आणि आपण एकाच दृष्टिक्षेपात दिसणार नाही, अशा बाजूस सरकावयाचे.

‘जगह बना!’ ही प्रशिक्षकांची हाक सारखी कानी पडते. आपल्या मराठीत ‘जागा’ म्हणजे स्थळ, आणि ‘जागा’ म्हणजे न झोपलेला. एक शब्द फारसीतून आलेला, दुसरा संस्कृत ‘जागृ’ धातूचा. परंतु या मैदानावर दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. जो जागा असतो, त्यालाच जागा सापडते.

१९७४ च्या विश्वचषकात रिनस मिशेल्स यांच्या नेदरलँड्स संघाने ही विद्या जगासमोर मांडली. योहान क्रॉयफ आघाडी सोडून मागे येई, प्रतिपक्षाचा बचावपटू त्याच्यामागे ओढला जाई आणि रित्या झालेल्या जागेत दुसराच सहकारी शिरे. चंडीगढ फुटबॉल अकादमीत शिकलेल्या मणिपूरच्या जॅक्सन सिंगने ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत, १७ वर्षांखालील विश्वचषकात, कोलंबियाविरुद्ध डोक्याने गोल केला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धांतील भारताचा तो पहिला गोल. कॉर्नर किक संजीव स्टॅलिनची होती. इतिहासात ही दोन नावे राहिली, आणि ते योग्यच आहे. मात्र अशा प्रत्येक कॉर्नरच्या वेळी काही सहकारी प्रतिपक्षाला आपल्यामागे खेचून नेतात. त्यांची नोंद गुणफलकावर होत नाही.

लहान वयात ही गोष्ट जिव्हारी लागते. एका सामन्यानंतर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या वडिलांनी मुलाला विचारले, ‘तूने किया क्या?’ मुलगा तासभर धावला होता. चेंडू जेमतेम तीनदा मिळाला होता. त्याला उत्तर देता येईना. निवड चाचणीतही हाच प्रश्न न उच्चारता विचारला जातो. गोल सर्वांना दिसतो. गोलाची वाट मोकळी करणारी धाव पाहण्यास शिकलेली दृष्टी लागते.

आम्हा साहित्याच्या अभ्यासकांना हे अपरिचित नसावे. वाङ्मयेतिहासात ग्रंथकर्त्यांची गणना होते. ज्या अनुवादकांनी, संपादकांनी त्यांच्यासाठी भाषेत जागा केली, ते तळटीपेत जातात.

मुलाला धावावयास शिकविणे त्या मानाने सोपे. न मिळालेल्या पासनंतरही पुन्हा धावावे, हा विश्वास देणे कठीण. येथील प्रशिक्षक त्यावर एकच उपाय करतात. सरावानंतर मुलांना गोलाकार बसवून ते गोल करणाऱ्याआधी त्या दिवशी चेंडूविना उत्तम धावलेल्याचे नाव घेतात, आणि त्या धावेने कोणासाठी वाट मोकळी झाली तेही सांगतात. आपण केले काय, हे त्या मुलाला त्या संध्याकाळी घरी सांगता येते.