तापलेल्या खोलीतली गार फरशी

एकलहऱ्यात वाढलेल्या पोराला उष्णतेचं नवल नसतं. औष्णिक केंद्राची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात, वडील बॉयलरवर ऑपरेटर, आणि 210 मेगावॉटच्या संचात वाफ 535 अंशांपर्यंत तापवतात हे मला शाळेत असतानाच पाठ होतं. तरीही डिप्लोमा झाल्यावर मिळालेल्या पहिल्याच कामाचा नकाशा पाहून मी चक्रावलो. गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टच्या स्पामध्ये नवीन सॉना बांधत होते. खोलीत 6 किलोवॉटचा हीटर, वर दगड, आणि शिवाय फरशीखाली हीटिंग केबल. जी खोली ऐंशी अंशांच्या वर तापणार, तिची फरशी आणखी वेगळी कशाला तापवायची?

सुपरवायझर मॅडमनी तापमापक हातात दिला आणि शेजारच्या जुन्या सॉनात पाठवलं. थंडीचे दिवस होते. छताशी 85 अंश, वरच्या बाकावर बसल्यावर डोक्याशी 75, आणि फरशीवर जेमतेम 24. कोपऱ्यात पाणी साचलेलं. शॉवर घेऊन माणसं ओल्या पायांनी आत येतात, गरम हवा छताला जाऊन बसते, आणि पाणी खाली तसंच राहतं. लाकडी जाळीखाली बुरशी धरते, फरशी निसरडी होते. घामाने थकलेला माणूस बाकावरून उतरताना नेमका तिथेच पाय टाकतो. खोली तापवणं हे केबलचं कामच नाही. फरशी तीस अंशांच्या आसपास ठेवायची आणि पाणी वाळवायचं, एवढंच तिच्याकडे. 4 चौरस मीटरला, दर चौरस मीटरमागे 150 वॉट धरले तर 600 वॉट, म्हणजे हीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी वीज.

मग नकाशातल्या थर्मोस्टॅटचं कोडंही सुटलं. तो खोलीच्या बाहेर बसवतात आणि त्याचा सेन्सर फरशीत, केबलच्या दोन वेढ्यांच्या मधोमध, एका नळीत सरकवतात. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर लावला, तर सॉना तापताच तो केबल बंद करेल.

केबलच्या खाली टणक इन्सुलेशन शीटचा थर कशासाठी, हे मात्र वडिलांनी समजावलं. "हवा वर जाते, उष्णता नाही. उष्णता गार असेल तिकडे जाते. आमच्या स्टीम पायपांना लॅगिंग उगाच करतात का?" खाली थर नसता तर बरीच वीज जमीन तापवण्यात गेली असती.

या तापत्या फरशीबद्दल मामेबहिणीला सांगितलं. ती आयुर्वेद शिकते. तिने चरकसंहितेतला स्वेदाध्याय दाखवला तेव्हा मी थक्कच झालो. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात अग्नीने घाम आणण्याचे तेरा प्रकार आहेत. अश्मघन स्वेदात माणसाच्या लांबीची शिळा लाकडं पेटवून तापवतात, निखारे बाजूला सारतात, गरम पाणी शिंपडतात आणि वर वस्त्र अंथरून रोग्याला झोपवतात. भूस्वेदात हेच सपाट जमिनीवर करतात. जेंताक स्वेद तर सॉनाच: गोल खोली, मधोमध भट्टी, भिंतीलगत ओटा. रोमन लोकांनी स्नानगृहांच्या फरशीखालून धूर आणि गरम हवा खेळवली, कोरियात ओंडोल अजून घराघरांत आहे. पण शिळा तापवून तिच्यावर माणूस झोपवायचा, ही गोष्ट आपल्याच वैद्यकात इतकी रेखीव लिहिलेली आहे, ती शाळेत कुणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं!

प्रत्यक्ष काम म्हणजे धीराची परीक्षा. हीटर आणि पक्क्या बाकांखालची जागा सोडून केबल अंथरली, कारण तिथे उष्णता कोंडते. वेढा वेढ्यावर चढवायचा नाही, केबल जास्त झाली तरी कापायची नाही. आधी ओहम मोजले, मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावला, आकडे वहीत टिपले. मग कोबा घालणारे काका नहाणी ट्रॅपकडे ढाळ देत पुढे सरकू लागले आणि मी मीटर केबलला जोडून शेजारी उकिडवा बसलो. थापीचं टोक केबलला घासलं की दोघांचाही श्वास अडकायचा. मीटरचा आकडा हलला नाही की ते नुसती मान डोलवायचे आणि पुढची घमेली मागवायचे. कोबा झाल्यावर पुन्हा मोजणी, वर वॉटरप्रूफिंग, फरशी बसल्यावर परत मोजणी. मालकाला सॉना लगेच सुरू करायचा होता. मॅडमनी साफ नाही सांगितलं: सिमेंटचा कोबा तीन-चार आठवडे मुरू द्यायचा. ओल्या कोब्यात केबल तापवली तर तडे जातात.

तुमच्याकडे असं काम निघालं, मग ते स्पाचं असो की घरच्या बाथरूमचं, तर कोबा पडण्याआधी केबलचे फोटो काढून ठेवा, ओहम आणि मेगरचे आकडे सही करून घ्या, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर) बसवल्याशिवाय सप्लाय देऊ देऊ नका. फरशीखाली काय आहे ते नंतर फक्त त्या फोटोंवरूनच कळेल.