जरा उजळ कर

तैलरंगांच्या दुकानात 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब मिळते. रंग फिकट गुलाबी. आमच्या अख्ख्या खानदानात तो कुणालाही लागू पडत नाही. सरांनी ती ट्यूब माझ्या पॅलेटवर येऊच दिली नाही. यलो ऑकर, इंडियन रेड, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि पांढरा. "एवढ्यात भागव," म्हणाले.

समोर मावशी बसली. चांगली सावळी, खिडकी तिच्या डाव्या हाताला. आधी अंबरमध्ये टर्पेंटाइन घालून सावल्यांची पातळ मांडणी करायची. अंबरमध्ये मँगनीज असल्यानं तो लवकर वाळतो. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला तडे जातात. हे सगळं पाठ करता येतं. पाठ न होणारी जागा म्हणजे गाल, जिथे उजेड संपतो आणि सावली अजून नीटशी सुरू झालेली नसते, तो बोटभर पट्टा. डोळे किलकिले करून पाहिलं तर तिथे तपकिरी नाहीच. मळकट हिरवा आहे. हनुवटीखाली साडीचा लाल परतून आलेला. आणि कपाळावरच्या चमकेत चक्क निळसर झाक, कारण खिडकीतून येतं ते आकाश. गोऱ्या कातडीवर ही चमक आजूबाजूच्या उजळपणात विरते, सावळीवर ठसठशीत दिसते. तिथे नुसता पांढरा लावला की कपाळ मेलंच.

सावल्यांवरून आठवतात ते चित्रकार आन्तोनियो शाव्हियेर त्रिंदाद. गोव्यातल्या सांग्यात १८७० साली जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले. त्यांना 'पूर्वेचे रेम्ब्रां' म्हणत. ही उसनी उपाधी मला फारशी रुचत नाही, पण त्यांच्या सावल्या पाहायला पणजीच्या फोंतेन्यात, फुंदासांव ओरिएंतमध्ये जरूर जावं. काळोखातही ऊब आहे त्यांच्या.

मावशी उठून कॅनव्हाससमोर आली. "अगं, हिरवी कशाला केलीस मला? आणि जरा उजळ कर की!"

ही फर्माईश जुनीच. घरोघरच्या तसबिरींत कितीतरी आज्या-पणज्या मेल्यानंतर गोऱ्या झाल्या आहेत. मावशीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी चेहऱ्याला हातही लावला नाही; अंबरमध्ये अल्ट्रामरीन मिसळून मागची भिंत तेवढी गडद केली. शेजारी अंधार आला की गाल आपोआप पुढे येतो.

"आता कसं!" मावशी म्हणाली.